न हललेल्या माणसाची नोंद

मी, मधुमती मुरलीधर साठे, वय ७४, निवृत्त स्फटिक-तंत्रज्ञ, राहणार साउथहॅम्प्टन, हे मृत्युपत्र स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे. कॅन्सर यकृतात पोचला आहे, डोके शाबूत आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. अंमलबजावणी एडिनबराची माझी भाची ऋजुता हिने करावी.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझा एकुलता मुलगा वरद याला मिळावी. त्याने घर विकले तरी हरकत नाही. तिथल्या बाथरूममध्ये तो पाऊल ठेवत नाही.

२. मायक्रोस्कोप ऋजुताला. टुर्मलीनचा खडा तिच्या लेकीला. तापवला की राख ओढतो, तिला गंमत वाटेल.

३. आमचे जुने मॅनेजर अजय देसाई यांना माझ्या अंत्यविधीला येऊ देऊ नये. कारण पुढे आहे.

४. तीस वर्षे मी तापमान बदलले की वीज देणारे स्फटिक वाढवले. माणूस समोरून गेला की त्याच्या अंगाच्या उबेने दिवा लागतो, अलार्म वाजतो, तो यांच्यामुळे. बदल थांबला की स्फटिक गप्प. एकट्या वृद्धांसाठी आम्ही यंत्र केले, त्याची चाचणी माझी. माणूस निपचित पडला तरी ते 'घर रिकामे' म्हणते, असे मी चाचणीच्या वहीत लिहिले. अजय म्हणाले, "मधुमती, हे पत्रकात छापलं तर घेणार कोण?" मी ते वाक्य खोडून सही केली. आमच्या घरीही तेच बसवले. आपल्याकडे कशाला असे होईल, असे वाटले.

मार्च २०१९मध्ये मी ऋजुताकडे असताना माझे यजमान मुरलीधर बाथरूममध्ये पडले. वरदच्या फोनवर यंत्राचा 'घर रिकामे' असा निरोप आला. बाबा फिरायला गेले असतील, असे समजून तो ड्यूटीवर गेला. मुरलीधर अकरा तास जिवंत होते.

"आई, मी एकदा तरी फोन करायला पाहिजे होता," वरद रडत म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बोलले काहीच नाही. आजवर नाही.

५. चाचणीची मूळ वही वरदला द्यावी. खोडलेले वाक्य अजून वाचता येते. यंत्र अजून विकले जाते, म्हणून एक प्रत ऋजुताने सरकारी तपासनिसांकडे पाठवावी. वरद नको म्हणाला तरी.

६. वरद, तो निरोप माझ्याही फोनवर आला होता. त्याचे अर्थ दोन होतात, हे आपल्या घरात फक्त मला ठाऊक होते. आम्ही जेवायला बसत होतो. मी फोन पर्समध्ये ठेवला.

सही: मधुमती मु. साठे
साउथहॅम्प्टन, १४ ऑक्टोबर २०२५

आम्हा दोघांदेखत मधुमतीबाईंनी सही केली. यातले आम्हाला काहीही मिळणार नाही.
यतीन कर्वे, शेजारी
मीनाक्षी देव, नर्स