शेवटचे तीन शब्द

हार्लेम, न्यू यॉर्क
१४ सप्टेंबर १९५८

ती. झेनोबियाताईस,
धाकट्याचा स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि पीचच्या मुरांब्याची बरणी, दोन्ही सुखरूप पोचली. बरणी तीन दिवसांत संपली. पत्र मात्र अजून पुरवून पुरवून वाचतोय.

माझी बातमी अशी की या नाटकात माझ्या हातात ट्रे नाही! एकतीस सिनेमांत नोकर होऊन गाडी तयार असल्याचं साहेबांना सांगून झाल्यावर, एकाहत्तराव्या वर्षी मला मुख्य भूमिका मिळाली आहे. पोस्टातून निवृत्त झालेला एक हट्टी बाप आणि वीस वर्षांनी घरी परतलेली त्याची मुलगी, अशी गोष्ट आहे. दुसरा अंक जवळजवळ आम्हा दोघांचाच. ब्रॉडवेच्या पोस्टरवर माझं नाव सगळ्यांच्या वर छापलंय. मी रस्ता ओलांडून दोनदा बघून आलो. हसू नकोस.

आता पुढचं लिहितो ते कुणाला सांगू नकोस, पाद्रीणबाईंना तर मुळीच नाही. गेल्या दोन आठवड्यांत तालमीत मी चार वेळा अडकलो. अडकलो म्हणजे उभा राहिलो तो राहिलोच. व्हर्नेल पीट नावाची मुलगी माझ्या लेकीचं काम करते. ती माझ्या तोंडाकडे बघतेय, विंगेतून सगळे बघतायत आणि माझं तोंड काही उघडत नाही. वाक्य आठवत नाही असंही नाही गं, ते म्हणायची वेळ झाली हेच कळत नाही. दिग्दर्शक क्रेनसाहेब भला माणूस आहे. त्यांनी मला बाजूला घेऊन दमला आहात का म्हणून विचारलं. आणि सोमवारपासून दुसरा एक नट मागच्या रांगेत बसून माझी भूमिका पाठ करतोय. पडदा नऊ ऑक्टोबरला उघडायचा आहे.

ताई, पप्पा एकोणसत्तरचे होते ना, दुकानात गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून घरी जेवायला निघून आले तेव्हा? मी कॅलिफोर्नियात होतो, सगळं तू एकटीने निभावलंस. मला खरं खरं सांग, त्यांचं सुरू कसं झालं? असंच का? मला फार भीती वाटते. भूमिका गेली तर रडेन आणि गप्प बसेन. पण डोकंच गेलं तर माझ्याजवळ दुसरं आहे काय?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोज

---

मेकन, जॉर्जिया
१८ सप्टेंबर १९५८

चि. अ‍ॅम्ब्रोजला अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

अख्खी बरणी तीन दिवसांत? रक्तात साखर वाढली म्हणून डॉक्टर ओरडल्याचं गेल्या महिन्यात तूच कळवलं होतंस ना? आता पुढची बरणी डॉक्टरच्याच पत्त्यावर पाठवते.

पप्पांचं विचारलंस म्हणून सांगते. पप्पा वाक्य विसरले नव्हते रे, वस्तरा कशासाठी असतो ते विसरले होते. तुझ्या पत्रात तारखा, वार, नावं, सगळं जागच्या जागी आहे. पोस्टरवर तुझं नाव कितव्या नंबरला आहे हेही तू बरं विसरला नाहीस! तेव्हा उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

पण पत्र मी तीनदा वाचलं आणि एक गोष्ट मला खटकली. चारही वेळा समोर तीच पोरगी होती का? नीट आठव. आणि तू अजूनही नक्कल उतरवतोस का? तुमच्या फिरत्या नाटक कंपनीचा तो तंबूवाला मालक अख्खं नाटक कुणाच्या हाती देत नसे, चोरून दुसरी कंपनी काढाल म्हणून. एका लांबड्या कागदावर फक्त तुझी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे तीन शब्द. ते तीन शब्द कानावर पडले की तू बोलायचास. हिवाळ्यात तंबू उतरला की तू घरी यायचास आणि वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता मी ते तीन शब्द म्हणायची. एकदा गंमत म्हणून मी ते बदलले, तर तू हातात कपबशी घेऊन खांबासारखा उभा! मी हसून हसून लोळले आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

पुढे आपल्या काळ्या लोकांनी आपल्याच लोकांसाठी काढलेल्या मूक सिनेमांत तू डॉक्टर झालास, वकील झालास. तिथे पाठ करायचं कामच नव्हतं. मग बोलपटवाल्यांनी तुझ्या हाती ट्रे दिला आणि तुझ्या वाक्यांचं तेवढं एक पान. तुझ्या सिनेमांच्या गोष्टी मी बाहेरच्या लोखंडी जिन्याने वर चढून, आपल्या लोकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या बाकांवरून बघून तुला कळवत आलेय. अख्खं नाटक वाचायची तुला सवय लागणार तरी कुठून?

त्या पोरीला विचार, ती लिहिलेले शब्द जसेच्या तसे म्हणते का. लाजू नकोस. पत्र पोचताच विचार.

इथे सगळं ठीक आहे. माझा गुडघा कुरकुरतो, पण चर्चमधल्या गायनात आवाज अजून माझाच वर असतो, असं शेजारीण कुरकुरत का होईना कबूल करते. तब्येतीला जप, आणि थोरलीची आठवण ठेव.

तुझी,
झेनोबिया

---

हार्लेम
२३ सप्टेंबर १९५८

ती. ताईस स. न. वि. वि.

तू मेकनला स्वयंपाकघरात बसून जे पकडलंस ते इथे कुणाच्या बापाला कळलं नाही. माझ्या जिवात जीव आला!

हो, चारही वेळा व्हर्नेलच. शेजाऱ्याचं आणि पाद्रीचं काम करणारे दोघे माझ्यासारखीच जुनी खोडं, कागदावरचा शब्द सोडत नाहीत. त्यांच्यासमोर मी एकदाही अडखळलेलो नाही. आणि हो, नक्कल मी अजून उतरवतो. नाटकाची प्रत मिळाली त्याच दिवशी माझी वाक्यं आणि आधीचे तीन तीन शब्द वहीत उतरवले आणि प्रत कपाटात टाकली. पन्नास वर्षांची खोड. ती खोड आहे हेच कधी लक्षात आलं नव्हतं.

काल व्हर्नेलला सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर जेवायला नेलं. तळलेली कोंबडी आणि कोलार्डची पालेभाजी पुढ्यात ठेवून सगळं सांगितलं. बिचारीने काटा खाली ठेवला. तिचे शिक्षक म्हणे शिकवतात की शब्द त्या क्षणी आतून यायला हवेत, म्हणून ती रोज थोडं वेगळं बोलते. त्यात मी गप्प झालो की म्हाताऱ्याला आठवत नाही असं वाटून, मला सावरायला आणखी दोन वाक्यं जोडते. म्हणजे मी तिच्या तीन शब्दांची वाट बघत उभा, आणि ती माझी दया येऊन आणखी आणखी बोलतेय! आम्ही दोघं इतके हसलो की वाढपीण विचारायला आली, भाजीत काही पडलंय का.

यापुढे ती शब्दाला शब्द म्हणायला तयार होती. मी नको म्हटलं. घरी येऊन कपाटातली प्रत काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा अख्खं नाटक वाचलं. ताई, मी आत गेल्यावर ती मुलगी शेजारणीला सांगते की तिने बापाला वीस वर्षं पत्रं पाठवली आणि बापाने ती सगळी न फोडता परत केली. हे मला माहीतच नव्हतं! मी आपला तिच्यावर रोज फुकटचा रागावत होतो. फार वाईट वाटलं.

क्रेनसाहेबांना सांगितलं. ते हसले, पण दुसरा नट नऊ तारखेपर्यंत राहू दे म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे. एवढी वर्षं वाक्यांची नुसती शेपटं ऐकून बोललेला माणूस पंधरा दिवसांत ऐकायला शिकेल याची खात्री कोण देणार? मलाही नाही.

प्रार्थनेत माझं नाव घे, जरा मोठ्याने.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोज

---

हार्लेम
१० ऑक्टोबर १९५८

ती. ताई, स. न. वि. वि.

पार पडलं! टाळ्या थांबेनात म्हणून पडदा सात वेळा उघडावा लागला.

दुसऱ्या अंकात व्हर्नेल काल काहीतरी तिसरंच बोलली. मी ते सगळं ऐकलं, पहिल्या शब्दापासून. ऐकलं की बोलायची वेळ आपोआप कळते गं, एवढं सोपं आहे हे. आणि मग खरी गंमत झाली, एक वाक्य मी खरोखरच विसरलो. साफ. महिन्यापूर्वी माझी पाचावर धारण बसली असती. काल मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो. ती म्हणाली, काहीतरी बोला ना. मी म्हणालो, पोरी, मला सुचत नाही. नाटकात हे कुठेच लिहिलेलं नाही, पण तो बाप दुसरं काय बोलला असता? नंतर क्रेनसाहेब येऊन म्हणाले की हे रोज असंच ठेवा. मागच्या रांगेतला तो नट येऊन मला कडकडून भेटला आणि दुसऱ्या नाटकाच्या तालमीला निघून गेला.

वाक्य विसरलो, म्हणजे वाक्य विसरलो. बाकी काही नाही. तुझ्यामुळे हे कळलं. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोज

---

मेकन
१५ ऑक्टोबर १९५८

चि. अ‍ॅम्ब्रोजला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग पायरीवर बसून मनसोक्त रडले. पाद्रीणबाईंनी वर्तमानपत्रातला तुझा फोटो चर्चच्या फळ्यावर लावलाय. चांगला दिसतोस, पण कॉलर कुणीतरी नीट करायला हवी होती.

आता मला एक कबूल करायचंय. शेवटच्या दोन वर्षांत पप्पा पहाटे अनवाणी रेल्वेच्या रुळांकडे चालत जायचे. म्हणून मागच्या खोलीला मी बाहेरून कडी बसवून घेतली होती. रात्री मी ती लावायची आणि ते आतून माझ्या नावाने हाका मारायचे. हे मी तुला कधी लिहिलं नाही. ते गेले त्याच आठवड्यात मी ती काढून ठेवली.

तुझं सप्टेंबरचं पत्र आलं, त्या दुपारी मी सुताराला बोलावून तीच कडी परत बसवून घेतली. तुझ्यासाठी. आणि मग टेबलापाशी बसून तुला ते धपाट्याचं, थट्टेचं पत्र लिहिलं. पहिल्या कागदावर थट्टा जमेना, तो फाडून टाकला.

आज सकाळी मी ती माझ्या हाताने काढली. स्क्रू फार घट्ट होते, पण सुताराला बोलवावंसं वाटलं नाही. लाकडात चार भोकं राहिलीत, ती बुजवून रंग देईन. प्रयोग थांबले की ये. त्याच खोलीत नीज आणि हवं तेवढं उशिरा ऊठ.

वाट बघणारी,
तुझी ताई