डावीकडे ओढणारा कंट्रोलर

४ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाची रोजनिशी चार दिवस उशिरा. पेन राजेश्रीच्या पर्समध्ये होता आणि बायकोच्या पर्समध्ये हात घालणारा मी माणूस नव्हे.
फोनवर एक लेख वाचला. नव्या गेमिंग कन्सोलच्या आत म्हणे आता कॉम्प्युटरच्याच धर्तीचे पार्ट असतात. त्यामुळे एकच गेम दोन्हींवर येतो आणि बऱ्याच गेममध्ये कन्सोलवाला नि कॉम्प्युटरवाला समोरासमोर खेळू शकतात. वाईट वाटलं. माझ्या जुन्या कन्सोलची चिप जगावेगळी होती. तिच्यासाठी गेम बनवताना इंजिनिअर लोक रडकुंडीला यायचे म्हणे. याला म्हणतात खानदानी मशीन! हौसेने नवा घेतला तर तो आतून कॉम्प्युटर निघाला.
असो. फायदा माझाच. दहा वर्षं मी आमच्या गल्लीत शर्यतीच्या गेमचा चॅम्पियन आहे. गल्लीत कन्सोल एकच आहे, हा निव्वळ योगायोग. कॉम्प्युटरवाल्यांना मी नेहमी सांगायचो, तुमचं वेगळं, आमचं वेगळं, तुलना होत नाही. आता होईल. बिचारे.

६ जानेवारी
शालू आली. ताईची मुलगी, चारठाण्याची. इथे परभणीत कॉलेजला आहे, दीपिका नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली करून राहते. लहानपणी सुट्टीत यायची तेव्हा तासन् तास माझी शर्यत बघत बसायची. मला ‘चॅम्पियन मामा’ म्हणणारी जगात ती एकटीच.
कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये याच गेमची स्पर्धा आहे. जोडीने खेळायचं, जोडीदार घरचाही चालतो. मी म्हटलं, मग शोधायचं काय त्यात? ती म्हणाली, चॅम्पियन मामा, पहिलं आपुन जरा खेळून बघू की. तुमी घरून, मी खोलीवरून.
तिचा कॉम्प्युटर जुने पार्ट जोडून केलेला. डब्याला एका बाजूचं झाकणच नाही. त्याच्याशी खेळायचं म्हणजे मलाच लाज वाटते. पण जोडीला जायचंच. इतकी इच्छा मला प्रमोशनचीसुद्धा नव्हती.

११ जानेवारी, रविवार
पहिली शर्यत. शेवटून पहिला आलो. गाडी सारखी डावीकडच्या भिंतीला घासत होती. शालूचा फोन, चॅम्पियन मामा, तुमची गाडी भिंतीला कशाला घासायलीय?
कारण उघड आहे. कंट्रोलर डावीकडे ओढतो.

१२ जानेवारी
नवा कंट्रोलर मागवला. जुना शालूला देऊन टाकला, खराब आहे हे सांगूनच. बिचारी कीबोर्ड बडवत खेळते. तिने विचारलं, कॉम्प्युटरला चालंल का हा? मी म्हटलं, अगं, आता आतून सगळं एकच झालंय. राजेश्री म्हणाली, खराब वस्तू भाचीला कशाला देता? दानत असावी लागते, ती सगळ्यांकडे नसते.

१३ जानेवारी
स्कूटरही डावीकडे ओढते. शिवशंकर मेकॅनिकने दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, हरिओमसाहेब, गाडी एकदम बराबर हाय. मेकॅनिक बदलावा लागेल.

१५ जानेवारी
नवा कंट्रोलर आला. हरलो. भिंत. कारण, कालच्या तिळगुळाने बोटं चिकट.

१८ जानेवारी, रविवार
बोटं साबणाने धुऊन बसलो. हरलो. भिंत. म्हणजे नव्या कंट्रोलरमध्येही तोच दोष. कंपनीचा अख्खा लॉट खराब दिसतो.
संकल्प : रोज पहाटे सराव.

१९ जानेवारी
पहाटे थंडी होती.

२० जानेवारी
आजही होती.

२१ जानेवारी
शालूला फोन करून स्पष्ट सांगितलं की कॉम्प्युटरवाल्यांना हा गेम सोपा जातो. ती म्हणाली, आवो चॅम्पियन मामा, तुमीच म्हणलात की आतून समदं एकच हाय.
माणसाने पोरांना ज्ञान देऊ नये.

२५ जानेवारी, रविवार
शालूच्या खोलीवर गेलो. राजेश्रीला तिळाच्या पोळ्या द्यायच्या होत्या. मला तो कॉम्प्युटर तपासायचा होता.
दीपिका चहा करत होती. शालू शर्यत खेळत होती आणि तिच्या हातात माझा जुना कंट्रोलर. विचारलं, दुरुस्त कुठे केलास? ती म्हणाली, न्हाई चॅम्पियन मामा, उघडलासुदिक न्हाई. तुमी दिल्यापासून ह्याच्यावरच खेळायलेय, लय भारी हाय. गाडी तिची रस्त्याच्या मधोमध चालली होती.
दाखव इकडे म्हटलं. बसलो. तोच कॉम्प्युटर, तोच कंट्रोलर, तीच गाडी. पहिल्याच वळणाला डावी भिंत. दुसऱ्याला पुन्हा तीच. राजेश्री पोळ्यांचा डबा उघडत म्हणाली, आवो, स्कूटरवर पण तुमी असंच करता.
शालू हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, जाऊ द्या मामा, च्या घ्या.
नुसतं मामा म्हणाली. घरी आल्यावर लक्षात आलं. फार लागलं.

२७ जानेवारी
शालूची जोडीदार दीपिका. मीच सुचवणार होतो. आपण तरुणांना पुढे करायला हवं. माझ्याकडे संघाचं व्यवस्थापन येईल असं दिसतं.

३० जानेवारी
स्पर्धेचा दिवस. इस्त्रीचा शर्ट घातला. सकाळीच शालूचा फोन आला. मला वाटलं, ऐन वेळी अनुभवी माणसाची आठवण झाली.
म्हणाली, मामा, नवा कंट्रोलर घेऊन या, दीपिकाला लागतो. आन् स्कूटर मामीला चालवू द्या, तुमी मागं बसा. आमाला येळेवर पायजे.
कंट्रोलर मांडीवर घेऊन मागे बसलो. स्कूटर कॉलेजपर्यंत सरळ गेली.