उष्टा कॅमेरा

प्रिय अण्णा,

आज पत्र लिहायला बसले, कारण संध्याकाळपर्यंत दगदग करायची मनाई आहे. कमरेला पट्टा बांधलाय, त्यावरचा दिवा लुकलुकतोय आणि पोटात तो कॅमेरा फिरतोय. हो, तोच! तुम्ही शेवटपर्यंत गिळला नाहीत, तो.

आठवतं? तुमचं रक्त सारखं कमी व्हायचं आणि आम्ही एकादशीला बोल लावायचो. वरून दुर्बीण घातली, खालून घातली, दोन्हीकडे सगळं ठीक. मधलं लहान आतडं तेवढं बघायचं राहिलं. तिथवर दुर्बीण पोचत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी ही कॅमेऱ्याची गोळी सुचवली.

आणि आडवं काय आलं? उष्टं! दुसऱ्याच्या पोटातून आलेलं मी तोंडात घेऊ का, असं तुम्ही विचारलंत. एकदा वापरून फेकतात, हे मी परोपरीनं सांगितलं. तर म्हणालात, "अगं, आपण लोटासुद्धा मांजून परत वापरतो. अन् हे लोक इतका महागाचा कैमरा फेकून देतील? मुमकिनच नाही." फुटकी बरणीही न टाकणारे तुम्ही!

रागवू का तुमच्यावर? रागावतेच. सोवळं सांभाळलंत आणि आम्हाला सोडून गेलात. रक्त कुठून जात होतं, ते कुणाला कळलंच नाही.

आता माझंही तसंच कमी होतंय. सकाळी कंपू भागातल्या दवाखान्यात नर्सला म्हटलं, पाकीट माझ्यासमोर फोडा. ती हसली. "दीदी, सील देख लीजिए, बिलकुल नई है." तुमच्या वतीनं मी ते नीट पाहिलं आणि घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळली. घशाला कळलंसुद्धा नाही, अण्णा. एवढ्याशा गोळीसाठी केवढा हट्ट!

भीती वाटतेय. पण काही न कळता नुसतं बसून राहायची जास्त वाटते.

काकाही हल्ली तुमच्यासारखेच पांढरेफटक दिसतात. त्यांनाही डॉक्टरांनी हीच गोळी सांगितलीय, आणि परवा त्यांनी तुमचंच वाक्य ऐकवलं, लोट्यासकट! मी वाद घातला नाही. आता हा पट्टा बांधलेलीच रिक्षानं दौलतगंजला त्यांच्या घरी, त्यांच्यासमोर जाऊन बसणार आहे.

शब्द देते, अण्णा. माझ्या आतड्यात जे निघेल त्यावर मी उपचार घेईन. आणि काकांच्या गोळीचं पाकीट त्यांच्यासमोर मी माझ्या हातानं फोडेन. तुमच्या भावाला उष्ट्यापायी जाऊ देणार नाही.

तुमच्याइतकीच हट्टी,
सुमी