ह्या किमतीत एवढंच

२ फेब्रुवारी, सोमवार

आली! खोका एवढा मोठा की मला वाटलं, याने फ्रीज मागवला. पेंटरने दारातच फाडला. (पेंटर म्हणजे नवरा. दुकानांच्या पाट्या रंगवतो म्हणून जग त्याला पेंटर म्हणतं, मीही तेच म्हणते.) आत गिटार. पिवळीधमक, चकचकीत, आणि त्या वेबसाइटवरची सगळ्यात स्वस्त. सोबत पिशवी फुकट, पट्टा फुकट, जास्तीच्या तारा फुकट. मला तर वाटतं गिटारच फुकट आहे, पैसे पिशवीचे घेतलेत.

"छप्पन्नाव्या वर्षी?" मी म्हटलं.

"लेक अठ्ठावीसला येतेय. तिला ते गाणं वाजवून दाखवणार."

ते गाणं! लग्नाआधी मित्राची गिटार उसनी आणून कॉलेजच्या सायकल स्टँडवर वाजवायचा. मी आधी त्या गाण्यावर भाळले, माणसाचा नंबर नंतर लागला. मग लग्न झालं, मित्र गिटार घेऊन गेला, आणि तीस वर्षं याने नुसत्या शिट्ट्या मारल्या.

मला ते परत ऐकायचंय. फार ऐकायचंय. त्याला सांगणार नाही, डोक्यावर चढून बसेल.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अर्धा तास सूर लावणे. मग पाच मिनिटं वाजवणे. मग परत अर्धा तास सूर लावणे. खुंट्या इतक्या ढिल्या की कुणी शिंकलं तरी सूर उतरतो. तारा आणि लाकूड यांच्यामध्ये माझी करंगळी आरामात जाते. म्हणजे तार दाबायची तर ती आधी खाली आणायची, तिथपर्यंत जाऊन परत यायचं! पेंटरच्या बोटांना चरे पडलेत. खूश आहे.

त्या गाण्यात एक अवघड जागा आहे. पेंटर तिला 'घाट' म्हणतो. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं, शिवाय अनामिका आणि करंगळी पुढे. घाटात पोचला की गिटार म्हणते — खर्रर्र.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत याच गिटारीबद्दल लोकांनी लिहिलेले अनुभव वाचले. एकाने पाच तारे दिलेत — 'अजून उघडली नाही, पण खोका मजबूत आहे.' एकाने एक तारा — 'कुरियरवाला उद्धट होता.' एक बाई लिहिते, मुलाने तीन दिवस वाजवली, आता तिच्यावर टॉवेल वाळतात, तारे चार. एकजण म्हणतो, आठवड्यात मान वाकली. कुणाची ते लिहिलेलं नाही. आणि एक शहाणा: 'शिकणाऱ्यांसाठी उत्तम. शिकलेल्यांनी लांब राहावे.'

खर्रर्र बद्दल मात्र निम्म्या लोकांनी लिहिलंय. म्हणजे दोष आहेच! दहा दिवसांत परत घेतात. बारा तारखेपर्यंत वेळ आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

परत कशाला? घरात मी कशाला आहे?

मी कवळ्या बनवते. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे आमची लॅब आहे, खिडकी एक, मशिनं चार, धूळ गुलाबी. सव्वीस वर्षं लोकांचे दात घासतेय, ते लोक स्वतः घासतात त्याहून जास्त. आमच्या धंद्यात तक्रार कुठलीही असो, शंका एकच: कुठेतरी उंच आहे. घास, बसव, परत घास.

गिटारीच्या पोटावर एक पांढरी पट्टी असते, तारा तिच्यावर टेकतात. ही प्लॅस्टिकची होती, आणि उंच. मी ती काढली, दातांच्या मसाल्यात तशीच दुसरी बनवली, दीड मिलिमीटर बुटकी. घासून पॉलिश केली. दिसायला एखाद्या आजोबांच्या कवळीचा तुकडा! डॉक्टरीणबाई डोकावल्या. "हे कुठल्या पेशंटचं?" म्हटलं, "माझ्याच. तोंडाने बरा आहे, बोटांनी अडखळतो."

मूळची पट्टी पाकिटात घालून वर तारीख टाकून ठेवली. लॅबचा नियम आहे, मूळचं कधी फेकायचं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

वाटलं होतं, नाचेल. तार नुसती टेकवली तरी दबतेय! तर हा कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "एवढी सोपी कशाला केलीस? जरा जड होती तेच बरं होतं."

घ्या! मी जीव ओतून पट्टी घासली, आणि साहेबांना जड हवी! उद्यापासून याची चप्पलही दोन नंबर लहान आणते.

आणि घाटात — खर्रर्र. होतीच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गिटार घेऊन वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार केस बांधलेला, आवाज झोपेतला. त्याने पिशवीची चेनसुद्धा उघडली नाही. पिशवीवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "ह्या किमतीत एवढंच."

अहो, बघा तरी! नाही. "ह्या किमतीत एवढंच, ताई." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला तबल्याची गादी दाखवायला गेला.

असा राग आला! आमच्याकडे कुणी फुटकी कवळी रुमालात बांधून आणली तरी आम्ही रुमाल सोडतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

परत करायचा शेवटचा दिवस. मोबाइलवर फॉर्म उघडला. कारण निवडा: माल तुटलेला, माल वेगळा, मत बदलले. 'माल खरखरतो' नाहीच! मी 'तुटलेला' वर बोट ठेवणार तेवढ्यात पेंटरने फोनच काढून घेतला.

"परत जाणार नाही ती."

"अरे, दुसरी चांगली मागवू."

"मला हीच पाहिजे. आजपासून एक दिवसही खंड नको."

खंड? सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, घड्याळ लावून वाजवतो. हा माणूस आयुष्यात पाटी वेळेवर देत नाही! लेकीला फोन लावला, म्हटलं समजाव बापाला. ती म्हणाली, "आई, वाजवू दे ना गं. तुला काय त्रास आहे?" बापाची पोर!

त्रास हा आहे की गाणं घाटापर्यंत येतं आणि तिथे मरतं. रोज दोनदा. आणि माझा जीव घाटाच्या अलीकडेच गोळा होऊन बसलेला असतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

सापडला! सापडला! सापडला!

गिटारीच्या मानेवर आडव्या तारा ठोकलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. एखादी फ्रेट उंच असेल तर तार तिच्यावर घासते. हे मला मोबाइलने सांगितलं. पण ती उंच कुठली हे कसं ओळखायचं? लोक मोठाली अवजारं सांगतात. अरे, निळा कागद! कवळी बसवल्यावर आम्ही निळा कागद चावायला देतो, जिथे दात उंच तिथे निळा ठिपका. तसाच कागद मी फ्रेटींवर ठेवला, वरून पोलादी पट्टी फिरवली. सातव्या फ्रेटवर हा एवढा निळा डाग! मऊ कानस घेतली, दहा मिनिटांत सपाट. जगातली पहिली गिटार असेल जिचा चावा जुळवला!

पेंटरला बसवलं. डोळे मिटले. गाणं सुरू झालं, सायकल स्टँड दिसायला लागला, घाट आला —

१६ फेब्रुवारी, सोमवार

खर्रर्र.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

गिटारीचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. दुसरं लिहिते.

एक आजोबा कवळी घेऊन आले. चार वर्षांपूर्वी मीच केलेली. म्हणे सैल झाली, बोलताना खुळखुळते, नवीन करून द्या, तुमचा माल खराब. मी कवळी तपासली, एक रेघ इकडची तिकडे नाही. डॉक्टरीणबाईंनी तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "आजोबा, कवळी तीच आहे. हिरडी झिजलीय." आजोबांनी मान्य केलं नाही. कवळीलाच शिव्या देत गेले. वाईट वाटलं, पण हसूही आलं.

येताना शिंप्याच्या दुकानाची नवी पाटी पाहिली. प्लॅस्टिकची अक्षरं चिकटवलेली. पेंटरला विचारलं, तू रंगवणार होतास ना? म्हणाला, "लोकांना आता प्लॅस्टिकचीच आवडतात." याने रंगवायच्या ऐवजी नुसती चिकटवून दिलेली या महिन्यातली ही तिसरी पाटी. रंगाचे डबे सगळे बंद. डाव्या हाताने फूटपट्टीशिवाय सरळ रेघ ओढणारा माणूस चिकटपट्टीवर उतरला! म्हटलं, आळशी झालास.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पेंटर बाजारात गेला होता. मी गिटार उचलली आणि परत त्या झोपाळू दुकानदाराकडे गेले. या वेळी चेन मीच उघडली. म्हटलं, नुसती एक जागा वाजवून दाखवा, मी इथून हलणार नाही. त्याला घाटाचं वर्णन केलं. त्याने उसासा टाकला, गिटार मांडीवर घेतली.

घाट वाजला. स्वच्छ. काचेसारखा.

परत वाजवा म्हटलं. परत स्वच्छ. हळू वाजवा. जोरात वाजवा. हलक्या हाताने वाजवा. खरखर नावाला नाही. झोप उडाली त्याची! पट्टी बघितली, फ्रेटींवरून बोट फिरवलं. "हे काम कुणी केलं? माझ्या दुकानातली दुप्पट किमतीची गिटारसुद्धा अशी बसलेली नाही." दुसरा कुठला दिवस असता तर मी ही ओळ चौकटीत घालून भिंतीवर लावली असती.

दुकानातून बाहेर आले आणि चालायला लागले. सिग्नलला ते आजोबा आठवले. कवळी तीच आहे.

मग एकेक करून सगळं आठवायला लागलं. गेल्या महिन्यापासून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. शर्टाचं वरचं बटण मला लावायला सांगतो, मी समजत होते लाडात आलाय! प्लॅस्टिकची अक्षरं. बंद डबे. डावा हात. तार दाबणारा तोच, ब्रश धरणारा तोच. अनामिका आणि करंगळी.

सव्वीस वर्षं लोकांची तोंडं ओळखते. घरातल्या माणसाचा हात ओळखला नाही. मी आळशी म्हटलं त्याला.

भीती वाटतेय. हा हात म्हणजे तो आहे. या हाताशिवाय पेंटर म्हणजे काय, मला माहीत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. त्याला कळू द्यायचं नाही. त्याच्या डोक्यात गिटारीचाच दोष आहे, तोच राहू दे. पट्टी अजून अर्धा मिलिमीटर घासते, फुकट आलेल्या तारा पातळ असतील तर त्या चढवते. इतकी हलकी करते की फुंकर मारली तरी वाजेल. शनिवारी लेकीसमोर घाट पार झाला पाहिजे. मग डॉक्टर, मग तपासण्या, मग काय व्हायचं ते होईल.

२५ फेब्रुवारी, बुधवार

त्या तारा शोधायला पिशवीचा कप्पा पहिल्यांदा उघडला. आत डॉक्टरांचा कागद. डाव्या कोपराशी नस दबली आहे, दोन बोटांची ताकद कमी, रोज दोनदा अर्धा तास चेंडू दाबणे, एक दिवसही खंड नको. तारीख २७ जानेवारी. गिटार यायच्या आधीची! 'चेंडू' वर काट मारलेली, शेजारी पेंटरच्या हाताने, वाकडंतिकडं: 'गिटार'.

म्हणजे त्याला ती जडच हवी होती. आणि मी त्याचा व्यायाम घासून घासून संपवत होते!

लॅबमधून पाकीट आणलं. मूळची उंच पट्टी परत बसवली.

संध्याकाळी तो वाजवायला बसला. पहिल्याच तारेला थांबला. माझ्याकडे बघितलं.

"आज जड लागतेय गं."

"ह्या किमतीत एवढंच," मी म्हटलं, आणि शेजारी जाऊन बसले.