उसवलेली साखळी

प्रिय आई,

तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. झोप मात्र कालच नीट लागली. का ते सांगते, पण बाबांजवळ बोलू नकोस, ते उगाच उपदेश करतील.

आम्ही प्रयोगशाळेत डीएनएसारखी एक कृत्रिम साखळी बनवतो. ती पाण्यात टिकली तरच तिचं औषध होईल. ती टिकवून दाखवली मी, आणि त्यावरच्या शोधलेखावर नाव एकट्या आमच्या सरांचं. विचारलं, तर म्हणाले, "तुला सांगितलं तेवढं कर, डोकं चालवू नकोस."

मग नाही चालवलं. औषध कंपनीच्या पाहुण्यांसाठी सरांनी स्वतः नवी साखळी बनवली आणि शेवटची पायरी वेळखाऊ म्हणून गाळली. तू शिवून झालं की दोऱ्याला गाठ मारतेस ना, तसं साखळीचं टोक बंद करावं लागतं. नाहीतर पाण्यात ते टोक स्वतःलाच कुरतडतं आणि साखळी उसवत जाते. मी शेजारीच बाटल्या विसळत होते. तोंडातून ब्र काढला नाही.

काल पाहुण्यांसमोर बाटली उघडून तपासणी झाली. साखळीचे नुसते तुकडे. मला वाईट वाटायला हवं होतं का गं? नाही वाटलं.

नंतर सर गोड आवाजात म्हणाले, "तुला ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस?"

म्हटलं, "सर, त्यासाठी डोकं चालवावं लागलं असतं."

तुझा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर खरं कळव. गप्प बसायला मी तुझ्याकडूनच शिकले.

तुझीच,
धाकटी