दोन बोटे पाणी

मी, कालव्याच्या दरवाजावर एकतीस वर्षे पाणी सोडणारा आणि बंद करणारा निवृत्त पाटकरी, वय चौऱ्याहत्तर, वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही गावांत 'कुलूप' म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बायकोचे मत वेगळे आहे, पण ते लग्नापासूनच वेगळे आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. आणले असते तर मी लिहिलेच नसते.

१. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी, बायकोला. स्वयंपाकघरातला नळ अजून टपकतो. "दोन गावांचं पाणी बंद करतात, घरचा नळ काही यांना बंद करता येत नाही," असे ती येईल त्याला सांगते. नवा वॉशर खिडकीतल्या डबीत आहे. माझ्या हयातीत तो बसला नाही तर तिने बसवून घ्यावा, पण मला बोलणे सोडू नये. तिचे बोलणे कानावर पडले नाही तर मला या घरात करमत नाही.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. "पोरीसाठी ठेवते" असे तिने म्हणू नये. शाळेत दिवसभर उभी असते, आधी स्वतःला चांगली चप्पल घ्यावी.

३. पाना, ग्रीसचा डबा आणि रबरी बूट सध्या दरवाजावर असलेल्या बाईंना. बूट मोठे होतील, पुढे कागद कोंबावा. पाणी सोडायच्या पाळीच्या दिवशी कोणाकडे चहा घेऊ नये. घेतलाच तर दोन्ही गावांचा घ्यावा. मी एकदा वरच्या गावात अर्धा कप घेतला, तर खालच्या गावाने तो आठवडाभर उगाळला.

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. एका कोरड्या वर्षानंतर दोन्ही गावांनी ठरवले होते की खालच्या गावाकडे जाणाऱ्या चारीत बारा बोटे पाणी सोडायचे आणि उरलेले वरच्या गावाने घ्यायचे. त्यासाठी बोटाबोटाच्या खुणा असलेली एक मोजकाठी केली. काठीच्या तळाला दोन बोटे उंचीची लोखंडी टोपी होती. पुढे एकदा ती निसटून गाळात गेली. मी दोन दिवस शोधली आणि नाद सोडला. लाकूड झिजू नये म्हणून टोपी असते, असे मला वाटले. खुणा टोपीच्या टोकापासून मोजलेल्या आहेत, हे माझ्या डोक्यातच आले नाही. तेव्हापासून काठी बारा दाखवायची आणि चारीत पाणी असायचे दहा बोटे. असे नऊ वर्षे चालले.

तक्रार घेऊन पहिले आले ते दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भरल्या बैठकीत म्हणाले, "अरे, पाणी कमी येतंय. माझी अंजिरं सुकायला लागलीत." मी दोनशे माणसांपुढे काठी उंच धरली. "दाजी, काठी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." ते उठून गेले. त्यांची एकोणीस झाडे गेली. माझ्या घरी ते पुन्हा आले नाहीत. ताई मात्र येत राहिली. "भांडण तुमचं दोघांचं, मी माझं माहेर का सोडू?" असे म्हणून ती दर खेपेला माझ्या बायकोशी तासभर गप्पा मारते आणि मला पाच मिनिटे झापते.

मी निवृत्त झालो, दरवाजावर यंत्र बसले आणि काठी माझ्याबरोबर घरी आली. पाच वर्षांपूर्वी मी त्या काठीने नातीची उंची मोजली. बायकोने शिवणाची टेप लावली, तर उंची दोन बोटे कमी भरली. नात रडवेली झाली. "आजी, मी लहान झाले का?" बायको म्हणाली, "तू नाही गं. आजोबांची काठी झाली." त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

त्यानंतर पाच वर्षे मी गप्प बसलो. दोन गावे पुन्हा पेटतील, असे बायकोला सांगत राहिलो. खरे कारण ते नव्हते. मला लाज वाटत होती.

५. दरवाजालगतची माझी अर्धा एकर जमीन, जिला पाण्याची पहिली पाळी मिळते, ती मी दाजींना देत आहे. तिथे अंजीर चांगले येईल. काठीही त्यांनाच. मोडावी, जाळावी किंवा माझ्या पाठीत घालावी, पण शेवटचे करायचे असेल तर मी आहे तोवर यावे.

६. वर न लिहिलेले सगळे बायकोला.

७. साक्षीदार म्हणून दाजींची सही असावी अशी माझी फार इच्छा होती. खालच्या गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि मी त्यांनाच खोटे ठरवले. पण वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. एक तर त्यांची सही घ्या, नाहीतर त्यांना जमीन द्या." मी जमीन निवडली. सही मागायला मला तोंड नव्हते. हा कागद ताईच्या हाती त्यांना वाचायला पाठवत आहे. उद्या परत आला की सह्या करू. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी आहे. पहिले साक्षीदार वरच्या गावचे निवृत्त पोस्टमन, ते आपल्या भावाला आणतो म्हणाले आहेत.

ठिकाण: कालव्याच्या दरवाजाजवळचे राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: बुधवार, खालच्या गावाच्या पाळीचा पहिला दिवस.

लिहून ठेवणार: कुलूप (सही)

साक्षीदार १: निवृत्त पोस्टमन, वरचे गाव (सही)

साक्षीदार २: दाजी, खालचे गाव (सही)
सातवं कलम नीट वाचून, तुझ्या घरी येऊन सही केली आहे. जमीन नको. काठी खोटी होती, माझा मेहुणा खोटा नव्हता, हे गावाला मी सांगेन. आज चहा मात्र दोन बोटं कमी होता. रविवारी येतोय, कप भरून दे.