वायूची वार्ता

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार पोटावर पडून घालतात. माझ्या पोटाला बारा टाके असल्याने हा उताणाच स्वीकारावास.

पाच दिवसांपूर्वी माझ्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढला. तुला कळवलं नाही, कारण तू येऊन सर्जनलाच पथ्य सांगितलं असतंस. अशा ऑपरेशननंतर आतडी झोपी जातात. ती जागी झाल्याची खूण म्हणजे, ज्याला संस्कृतात अपानवायू म्हणतात आणि तुझ्या घरात काहीच म्हणत नाहीत, तो. तोवर पाण्याचा घोटही मिळत नाही.

सर्जन रोज विचारायचे, "सरला का?" मी ओशाळून नकारार्थी मान हलवायचो. काल ते म्हणाले, "सकाळपर्यंत बघू, नाहीतर पोट पुन्हा उघडावं लागेल."

"चाला काका, चालल्याने आतडी हलतात," नर्स म्हणाली. सलाईनचा स्टँड ढकलत मी वॉर्डात वीस फेऱ्या मारल्या.

आज सकाळी सर्जन, दोन शिकाऊ डॉक्टर आणि नर्स खाटेभोवती उभे असताना तो आला. दीर्घ, खणखणीत, निःसंदिग्ध. सर्जननी कानातला स्टेथोस्कोप काढला. "आता याची गरज नाही," म्हणाले आणि माझा हात हातात घेतला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "अभिनंदन. आम्हीही कालपासून ताटकळलोय."

दुसरं ऑपरेशन रद्द झालं.

हे पत्र काही तुला पाठवणार नाही. काल तीनदा तुझा नंबर काढला आणि भीतीने आवाज फुटेना म्हणून फोन ठेवून दिला. आज मात्र फोन करणार आहे, आणि एवढंच सांगणार आहे की भूक लागली आहे.

तुझा धाकटा,
पूर्ववत बडबड्या